शरीरघटन मोजणाऱ्या विद्युत् उपकरणांची पडताळणी

शरीरातून सौम्य विद्युत् प्रवाह सोडून चरबी, स्नायू आणि पाण्याचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्रांचे आकडे कितपत भरवशाचे आहेत, हे तपासण्याची पद्धत. तंत्राचे नाव बायोइम्पिडन्स, थोडक्यात बीआयए. जिममधली यंत्रे आणि घरचे स्मार्ट वजनकाटे यावरच चालतात.

यंत्र चरबी मोजतच नाही. ते मोजते तो प्रवाहाला होणारा विरोध. प्रौढ माणसात हातापासून पायापर्यंत तो साधारण ४०० ते ६०० ओहम भरतो. उंचीचा वर्ग भागिले हा विरोध, या गुणोत्तराचा शरीरातल्या पाण्याशी मेळ बसतो, हे हॉफर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवले. चरबीविरहित वजनात सुमारे ७३ टक्के पाणी धरतात. उरलेले वजन चरबीच्या खात्यात जाते.

म्हणून मीटर आणि सूत्र वेगवेगळे तपासावे लागतात. मीटरचे काम सोपे : माणसाच्या जागी ५०० ओहमचा अचूक रोधक जोडायचा आणि आकडा पाहायचा. खरी मेख सूत्रात आहे. त्यासाठी त्याच व्यक्तींची डेक्सा (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणारी) किंवा ड्युटेरियम-पाण्याची (जड हायड्रोजनचे पाणी पाजून शरीरातले एकूण पाणी मोजणारी) चाचणी करून निकाल ताडून पाहतात. नुसता सहसंबंध, म्हणजे दोन्ही आकडे सोबत वाढतात-घटतात का याचे माप, इथे फसवा ठरतो. यंत्र प्रत्येकाची चरबी पाच टक्क्यांनी कमी दाखवत असले, तरी तो उत्तमच येतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८६ मधल्या पद्धतीत फरकांची सरासरी आणि त्यांचा पसारा दोन्ही पाहतात. आहारतज्ज्ञासमोर एकच माणूस बसलेला असतो, त्यामुळे पसारा जास्त महत्त्वाचा.

सूत्र ज्या लोकांवरून बांधले, त्यांच्यापुरतेच ते खात्रीचे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. युरोपीय शरीरांवर बेतलेले सूत्र भारतीयांना तपासल्याशिवाय लावू नये ते यामुळेच. शिवाय धडात शरीराचे जवळपास निम्मे वजन असूनही एकूण विरोधात त्याचा वाटा जेमतेम दहावा, त्यामुळे पोटावरची चरबी अशा मापनात नीट पकडली जात नाही.

सूत्राचा हात किती मोठा, हे घरीही दिसते : काट्यात वय किंवा उंची बदलून लगेच पुन्हा उभे राहिले, की चरबीचा आकडा बदलतो. तुलनेसाठीचे मापन उपाशीपोटी, लघवी करून, व्यायामाआधी आणि दर वेळी त्याच सुमारास घेतात. पेसमेकर असलेल्यांनी ही यंत्रे वापरू नयेत.