गेम टाकल्याने एसएसडी झिजते?

‘गेम एसएसडीवर टाकू नका, ती लवकर झिजते, गेमसाठी हार्ड डिस्कच बरी.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे.

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपांवर डेटा साठवणारी डिस्क. या मेमरीची झीज होते ती लिहिण्याने, म्हणजे नवा डेटा साठवण्याने. वाचण्याने होणारी झीज नगण्य असते. गेम एकदा इन्स्टॉल झाला की पुढे बहुतेक काम वाचण्याचंच. लिहिणं म्हणजे अपडेट आणि सेव्ह फाइल. १ टीबीच्या अनेक एसएसडींना कंपनी सुमारे ६०० टीबी लिहिण्याची हमी देते. १०० जीबीचा गेम रोज नव्याने टाकलात, तरी ती मर्यादा गाठायला सोळा वर्षं लागतील. एवढं कोण करतं?

उलट हार्ड डिस्कवर नवे गेम अडखळतात. तिचा वेग सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी, आणि विखुरलेल्या लहान फाइली वाचताना तो फारच घसरतो. साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडीही ५५० एमबीपर्यंत जाते. त्याने एफपीएस (सेकंदाला पडद्यावर दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढतो असं मात्र समजू नका, ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं.

हार्ड डिस्क बॅकअपला, व्हिडिओंना ठेवा. गेम बिनधास्त एसएसडीवर टाका.