ठोका ठिणगीनंतरचा, पेट ठिणगीआधीचा

चढावर इंजिन खडखडलं की गॅरेजमध्ये ठरलेलं निदान: ‘नॉकिंग’, म्हणजे ठोका. कुणी त्यालाच ‘प्री-इग्निशन’ म्हणतं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात भल्याभल्या इंजिनिअरांचीही हीच गल्लत व्हायची.

प्री-इग्निशनमध्ये ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. लालबुंद झालेली काजळी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड, स्पार्क प्लगचं टोक, कशानेही. पिस्टन वर येतोय आणि वरून त्यालाच दाब! याचा आवाज होतोच असं नाही. बाकीचे सिलिंडर त्या एकाला ओढत नेतात आणि कळतं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं असतं.

नॉकिंगमध्ये ठिणगी आपल्या वेळेलाच पडते. प्लगपासून निघालेली ज्योत न जळलेलं मिश्रण पलीकडच्या कोपऱ्यात दाबत नेते. दाबाने ते इतकं तापतं की ज्योत पोचायच्या आतच सगळं एकदम भडकतं. ती टिणटिण या दणक्याची.

हा कोपराच इंग्लंडचे इंजिनिअर हॅरी रिकार्डो यांनी हेरला. तेव्हाच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून बसलेले. त्यामुळे हेडखालची, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखालची पोकळी व्हॉल्व्हपासून पिस्टनच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत पसरट. फोर्डच्या मॉडेल टीचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जेमतेम 4 ला 1. अशा हेडखाली ते वाढवायला जावं तर ठोके सुरू. रिकार्डोंनी पिस्टनवरचा हेडचा भाग खाली आणला, इतका की पिस्टन वर पोचल्यावर मधे नुसती फट उरावी. तिथलं मिश्रण व्हॉल्व्हवरच्या पोकळीत फेकलं जातं, घुसळण होते, ज्योत झपाट्याने पळते. फटीत राहिलेलं थोडंसं मिश्रण दोन्हीकडच्या धातूमुळे थंडच राहतं. बाहेरून पाहाल तर हेड तसंच दिसतं, करामत सगळी आत.

1919 मध्ये त्यांनी ई-35 नावाचं चाचणीचं इंजिन बनवलं. चालू असतानाच त्याचा सिलिंडर वर-खाली करून कॉम्प्रेशन बदलता यायचं. निरनिराळी इंधनं घालून ठोका कुठे सुरू होतो ते पाहायचं. दोन्ही दुखणी वेगळी, याचा माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा इंधनातच आहे: मिथेनॉल नॉकिंगला सहजासहजी बळी पडत नाही, पण तापलेल्या प्लगवर मात्र चटकन पेटतं.

जुन्या गाडीत हे घरच्या घरी ओळखता येतं. स्टिअरिंगजवळच्या दांडीने ठिणगी थोडी उशिरा पाडा. टिणटिण थांबली तर नॉकिंग. इग्निशन बंद करूनही इंजिन धडधडत राहिलं तर आत काहीतरी लाल झालंय.

तरी दोघांची सोयरीक आहेच. बराच वेळ ठोके बसले की धातूला चिकटलेला थंड वायूचा थर उडतो, प्लग तापतो आणि नॉकिंगचं प्री-इग्निशन होतं. मग दांडी कितीही ओढा, इंजिन ठिणगीची वाट बघत नाही.