म्युझिक सीडीचं कॉपी प्रोटेक्शन

म्युझिक सीडीचं कॉपी प्रोटेक्शन म्हणजे गाण्याची सीडी प्लेअरवर वाजली पाहिजे पण कॉम्प्युटरवर तिची कॉपी निघता कामा नये म्हणून कंपन्यांनी साधारण २००१ ते २००७ ह्या काळात केलेले उद्योग. त्याचा उपयोग किती झाला म्हणाल तर कॉपी काढणाऱ्याला त्यानं फारसं काही अडवलं नाही, पैसे मोजून ओरिजनल घेणाऱ्याला मात्र भरपूर ताप दिला.

मुळातच सीडीला कुलूप नव्हतं. फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये जे रेड बुक स्टँडर्ड ठरवलं त्यात गाणं सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (म्हणजे आवाजाची मोजमापं), प्रत्येक १६ बिटचं, असं उघडंच ठेवलेलं, आणि १९८२ ला सीडी बाजारात आली तेव्हा घरी बसून सीडी राईट करायची सोय कुणाकडंच नव्हती मग कुलूप घालतंय कोण. कॉपी करू नका असं सांगणारा एक बिट आहे त्यात, पण तो घरगुती डिजिटल रेकॉर्डरनं पाळायचा, कॉम्प्युटरचा ड्राइव्ह त्याला विचारत पण नाही. पुढं राईटर स्वस्त झाले, एमपीथ्री आलं, तोवर जगभर कोट्यवधी प्लेअर तेच स्टँडर्ड धरून बनलेले, त्यामुळं नवीन कुलूप आत घालायला जागाच उरली नाही. मग एकच रस्ता राहिला, डिस्कच मुद्दाम थोडी बिघडवून विकायची.

बिघडवायच्या तऱ्हा दोन-तीन होत्या. साधा प्लेअर डिस्कचं पहिलंच सेशन (एका वेळी लिहिलेला भाग) वाचतो आणि कॉम्प्युटर शेवटचं पण वाचायला जातो, म्हणून शेवटी एक खोटं डेटा सेशन चिकटवायचं किंवा गाण्यांच्या अनुक्रमणिकेतच गडबड करायची (सोनीचं की-टू-ऑडिओ ह्यातलं). कॅक्टस डेटा शील्डसारख्यात डेटातच चुका पेरायच्या, प्लेअर त्या आजूबाजूच्या सॅम्पलवरनं अंदाजानं भरून काढणार आणि रिपिंग सॉफ्टवेअर (सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) गडबडणार असा हिशोब. पण ही चुका सावरायची ताकद खरं तर ओरखड्यांसाठी ठेवलेली, ती आधीच खर्ची पडली की जरा धूळ-चरा लागलेली डिस्क लगेच अडकायला लागते. गाडीतले डेक, डीव्हीडी प्लेअर ह्यांच्यात बऱ्याचदा कॉम्प्युटरसारखाच ड्राइव्ह असायचा त्यामुळं तिथंही ह्या डिस्क नीट चालेनात. शेवटी फिलिप्सनंच सांगितलं की असल्या डिस्कवर सीडीचा लोगो लावू नका, ही सीडीच नव्हे.

आणि फोडायला लागलं काय, तर २००२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की डिस्कच्या बाहेरच्या कडेला काळ्या मार्करनं पट्टा ओढला की ते खोटं सेशन झाकलं जातं आणि गाणी सरळ कॉपी होतात. म्हणजे राईट केलेल्या सीडीवर नाव लिहायला बेळगावच्या कुठल्याही सीडीवाल्याच्या काउंटरवर जो मार्कर पडलेला असायचा, तोच! त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या ॲलेक्स हॅल्डरमन ह्या विद्यार्थ्यानं असल्या डिस्क तपासून लिहिलं की हे सगळं ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअरमधल्या उणिवांवर उभं आहे, त्या दुरुस्त झाल्या की प्रोटेक्शन गेलं. २००३ मध्ये त्यानंच दाखवलं की सनकॉम कंपनीचं मीडियामॅक्स हे प्रोटेक्शन सीडी घालताना नुसतं शिफ्ट बटण दाबून धरलं तरी निकामी होतं, कारण ऑटोरन (सीडी घातली की तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं) बंद पडतं. कंपनी आधी १ कोटी डॉलरच्या दाव्याच्या गोष्टी करायला लागली, मग गप्प बसली.

सगळ्यात वाईट प्रकार २००५ चा. सोनी बीएमजी ह्या म्युझिक कंपनीच्या ५२ टायटलवर एक्ससीपी नावाचं सॉफ्टवेअर होतं, विंडोजमध्ये सीडी घातली की ते कॉम्प्युटरच्या पोटात शिरून लपून बसायचं, आणि डॉलर-सिस-डॉलर ($sys$) असं नाव सुरू होणारी कुठलीही फाईल लपवायचं, म्हणजे व्हायरसवाल्यांनाही आयतं बिऱ्हाड. ३१ ऑक्टोबरला मार्क रुसिनोविच ह्या विंडोजच्या जाणकारानं ते उघडं पाडलं, कंपनीनं काढून टाकायचं टूल दिलं तर त्यानं आणखी एक भगदाड पाडलं, शेवटी डिस्क बाजारातनं परत बोलवाव्या लागल्या आणि अमेरिकेत खटले झाले. घरात घेतलेला राखणदारच चोराला दार उघडून देतोय अशी गत की हो ही.

आता सीमाभागाचं बघितलं तर इथं ह्या कुलुपाची गाठच पडायची नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात त्या काळात गाणं यायचं ते एमपीथ्री सीडीवर, दुकानात यादी द्यायची, अभंग, नाट्यगीत, गणपतीची गाणी, त्यातच चार कन्नड पिक्चरची, आणि ७०० एमबीच्या एका डिस्कवर सव्वाशे-दीडशे गाणी भरून मिळायची. वडापवाल्याला (शेअर जीप चालवणाऱ्याला), डॉल्बीवाल्याला तेच हवं असायचं. त्या दुकानदारानं प्रोटेक्शन फोडलेलं नसतंच, त्याच्यापर्यंत येणारी फाईल आधीच कुणीतरी कुठंतरी मोकळी केलेली असते. खरी मेख इथंच आहे बघा, कुलूप प्रत्येक डिस्कवर, प्रत्येक कॉम्प्युटरवर टिकायला पाहिजे आणि फोडणारा सगळ्या जगात एक मिळाला तरी बास. तेही नाही जमलं तर प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातनं वायर काढून रेकॉर्ड करायचं, जे वाजतंय ते रेकॉर्ड होणारच, क्वालिटी जरा उतरंल एवढंच, आणि कॅसेटवरनं कॅसेट भरून ऐकलेल्यांना त्याचं काय वाटणार.

ईएमआय ह्या म्युझिक कंपनीनं २००७ च्या सुरवातीला असल्या डिस्क काढणं थांबवलं आणि हा विषय जवळपास मिटला. भारतात टेक्निकल कुलूप फोडण्याबद्दलचं ६५ए हे कलम कॉपीराईट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण तोवर लोक पेन ड्राइव्हवर आलेले.

जुन्या बाजारात अजून अशी एखादी परदेशी डिस्क हाताला लागू शकते, पाठीमागं कॉपी कंट्रोल्ड वगैरे छापलेलं असतं. विंडोजमध्ये घालायची झाली तर ऑटोरन बंद ठेवा आणि प्लेअर इन्स्टॉल करू का म्हणून विचारलं तर नाही म्हणा, लिनक्स असलं तर एवढीही कटकट नाही.