उन्हाळा तर आधीपण तापायचाच

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्या गावात पारावर हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे आमचं, ऊन लागून कोणाला दवाखान्यात नेलं त्या दिवशीपण लोक हेच म्हणतात, उन्हाळा तर आधीपण तापायचाच ना भाऊ, अन् मग सगळ्यांचं डोकं परत मोबाईलमध्ये. मला आधी याचा लय राग यायचा. आता येत नाही, कारण हा अडाणीपणा नाहीये.

त्या वाक्यात एक प्रश्न लपला आहे, आधीपण तापायचाच तर आता हवामान बदल झाला हे कशावरून? आधी त्याचं उत्तर, कारण प्रश्न चांगला आहे. सूर्यच जास्त तापून राहिला असता तर वातावरणाचे वरचे थरपण तापले असते. मोजमापात उलटं दिसते, जमिनीजवळची हवा गरम होत चालली अन् वरचा स्ट्रॅटोस्फिअर नावाचा थर थंड होत चालला, म्हणजे उष्णता खालीच अडकून राहिली आहे. हरभऱ्याच्या दिवसांत रात्री आभाळ आलं की थंडी पडत नाही हे आपल्याकडे लहान पोट्टंपण सांगते, ढग गोधडीसारखं काम करतात. कार्बन डायऑक्साईडपण तेच करतो, फक्त तो डोळ्याला दिसत नाही अन् वारा सुटला म्हणून निघून जात नाही. १९५८ मध्ये हवाई बेटांवर मौना लोआला मोजणं सुरू झालं तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे.

आता हे सगळं पारावर सांगितलं की लोक मान हलवतात, अन् विषय बदलतात. का? किम विट्टे नावाच्या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये याचं चांगलं स्पष्टीकरण मांडलं. माणसाला भीती दाखवली अन् सोबत त्याला जमण्यासारखा उपायपण दिला तर तो संकटाला तोंड देतो, पण नुसती भीती दाखवली तर तो संकटाशी नाही तर आपल्या भीतीशी लढायला लागतो, म्हणजे नाकारतो, टाळतो, दुसरीकडे मन रमवतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पऱ्हाटी एकदा वाळून गेली आहे, त्याला हिमनग वितळायचे व्हिडिओ दाखवून काय होणार? तो पुढची रील पाहणारच.

म्हणून सरकारी धोरण कसं असावं याचं उत्तर मला इथंच सापडते, भाषण कमी अन् हातात काहीतरी जास्त. अहमदाबादचं उदाहरण घ्या. २०१० च्या मे महिन्यात तिथं उष्णतेनं लय माणसं गेली, तर २०१३ मध्ये महापालिकेनं हीट ॲक्शन प्लॅन केला, आधीच इशारा द्यायचा, पाण्याची सोय करायची, दवाखान्यातल्या लोकांना ट्रेनिंग द्यायचं. त्यामुळे वर्षाला हजाराच्या वर मृत्यू टळले असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. हवामान बदल मानता का, असं तिथं कोणालाच विचारावं लागलं नाही.

आपल्याकडे याच्यापेक्षा मोठा प्रश्न पेरणीचा आहे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, पण आपल्या वावरात किती झाला हे शेतकऱ्याला कळणार कसं, स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक, मंडळात गावं कितीतरी, अन् पाऊस तर बैलाच्या एका शिंगावर पडतो दुसऱ्यावर नाही. मग मृगाच्या दोन सरींवर पेरणी होते, पुढं खंड पडतो, अन् दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर. त्यात जिल्हा पातळीवर कृषी हवामान सल्ला देणारी केंद्रं २०२४ मध्ये देशभर बंद झाली, हे मला अजूनही पटत नाही. जी गोष्ट लोकांना विज्ञानाच्या जवळ आणत होती तीच बंद केली. हवामान बदलात शेती टिकावी म्हणून राज्यानं आणलेल्या पोकरा योजनेतल्या शेतीशाळा, म्हणजे वावरातच भरणारे वर्ग, मात्र मला आवडतात. रुंद वरंबा सरीवरचं सोयाबीन शेजारच्या साध्या पेरणीच्या बाजूला उभं राहते, खंडात कोणतं तग धरते अन् जास्त पावसात कोणतं पिवळं पडते ते आपल्याच डोळ्यांनी दिसते, वाद घालायची गरजच उरत नाही.

अन् मोबाईलवरच्या खोट्या माहितीचं काय? १९६० च्या दशकात विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञानं लसीसारखी कल्पना मांडली होती. खोट्या युक्तिवादाचा छोटा डोस आधीच द्यायचा, त्यातली चलाखी उघडी करून दाखवायची, मग तोच युक्तिवाद पुढं भेटला की माणूस सहज फसत नाही. हे शाळेत सहज जमते. आमच्या शाळेतल्या पोट्ट्यांना मी एक फॉरवर्ड दाखवला, मे महिन्यात एक दिवस थंड गेला म्हणून तापमानवाढ खोटी. एक पोट्टी लगेच म्हणाली, सर, एका दिवसाच्या मजुरीवरून वर्षाची कमाई सांगता येते का?

याच पोट्ट्यांना आम्ही आता पर्जन्यमापक दिला आहे. रोज सकाळी साडेआठला मोजतात अन् ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहितात. पारावरची माणसं आता वावरात जाताना तिथं थांबून विचारतात, आतापर्यंत एकूण किती झाला रे?