घरगुती ग्लायडर

थर्माकोल, बाल्साचे हलके लाकूड, बांबूच्या कामट्या असे पेठेत सहज मिळणारे सामान आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेले दोन-चार सुटे भाग जोडून केलेली, इंजिन नसलेल्या विमानाची उडती प्रतिकृती. हातातून सुटल्यावर ती सतत थोडी थोडी खाली घसरत असते आणि त्या घसरण्यातून टिकणाऱ्या वेगावरच पंख तिला तोलून धरतात. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुण्याला ग्लायडर हा शब्द नवा नाही. तिथे माणसे बसतात ती ग्लायडर विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरीने वर खेचली जातात. इथे ते काम हात करतो, शास्त्र तेच.

ब्रिटनच्या जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये एका काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख बसवला, मागे कोन बदलता येणारी शेपटी लावली आणि तोल साधायला सरकते वजन ठेवले. काठी, पंख, शेपटी आणि पुढे वजन हा साचा आजही कायम आहे.

पहिल्या ग्लायडरसाठी पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत ६० सेंमी. आणि रुंदी १० सेंमी. पुरे. पंख ५ मिमी. जाडीच्या थर्माकोल शीटचा, दोन अर्ध्यांत कापलेला, प्रत्येक अर्ध्याखाली लांबीभर चिकटवलेली पतंगाची कामटी, आणि धड म्हणून ५० सेंमी.ची बाल्साची पट्टी. कटर आणि पॉलिश पेपर पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतात, चिकटवण्याचे सामान बोहरी आळीत. फेव्हिक्विक मात्र थर्माकोलला लावू नये. तो थर्माकोल खातो आणि जोडाच्या जागी खड्डा पडतो. फेविकॉलला रात्रभर वेळ द्यावा लागतो, पण पंख शाबूत राहतो.

प्रिंटर हाताशी असला की सगळेच छापावेसे वाटते. तो मोह आवरायला हवा. छपाईचे नेहमीचे पीएलए प्लॅस्टिक घन सेंटिमीटरला सुमारे १.२४ ग्रॅम भरते. बाल्सा त्याच्या सात-आठ पटींनी हलका. संपूर्ण ग्लायडर ६० ग्रॅमच्या आत बसला, तर तो ताशी साधारण २० किमी. वेगाने संथ तरंगतो. वजन दुप्पट झाले की तरंगायला लागणारा वेग जवळजवळ दीडपट होतो आणि जमिनीवर आपटतानाची ऊर्जा तर चौपट होते. शेपटीकडे तर प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. मागे वाढलेला एक ग्रॅम तोलायला नाकात दोन-अडीच ग्रॅम घालावे लागतात. म्हणून शेपटी नेहमी हाताने कापलेली, पातळ शीटचीच असावी. साध्या किचन काट्यावर प्रत्येक भाग तोलून वहीत लिहिणे ही या कामातली सर्वांत उपयोगी सवय आहे.

छापायचे ते जिथे कोन चुकून चालत नाही तिथले. एक म्हणजे पंखाचे दोन अर्धे जोडणारा मधला तुकडा. तो पंखाची दोन्ही टोके सुमारे ३ सेंमी., म्हणजे ६ अंश, वर धरतो. त्यामुळे एका बाजूला कललेला ग्लायडर आपोआप सरळ होतो. दुसरे म्हणजे खोगीर. पंख धडावर बसवणारा हा छोटा भाग पंखाची पुढची कड शेपटीच्या मानाने दोन-तीन अंश वर ठेवतो. हाताने घासून हा कोन दोन्ही बाजूंना सारखा आणणे फार कठीण. प्रिंटरला ते सोपे. मधला तुकडा आडवा ठेवून छापावा, उभा छापल्यास तो थरांमधूनच मोडतो. पीएलए साठेक अंश सेल्सिअसला मऊ पडते. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेले खोगीर दुपारपर्यंत वाकते, आणि मग कालपर्यंत छान उडणारा ग्लायडर आज का कोसळतो ते कितीतरी वेळ उमगत नाही.

गुरुत्वमध्य, म्हणजे ग्लायडर जिथे टेकवल्यावर तोलून राहतो ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे ३ सेंमी.वर हवा. पंखाखाली तिथे दोन बोटे टेकवून ग्लायडर आडवा राहीपर्यंत नाकात क्ले भरत जावे. फेकताना वाऱ्याकडे तोंड करून नाक किंचित खाली, सरळ ढकलल्यासारखा सोडावा. जोराने भिरकावू नये. नाक वर करून मग एकदम पडला तर पुढे क्ले वाढवावी, सरळ जमिनीत घुसला तर थोडी काढावी. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल, तर पंख डोळ्यांसमोर धरून पीळ पडला आहे का ते आधी पाहावे.

चाचणीला हिवाळ्यातली सकाळ उत्तम, वारा पडलेला असतो. गवत असलेले मैदान निवडावे. वेताळ टेकडीवर उतार चांगला आहे, पण गिरिपुष्पाच्या झाडांच्या गर्दीत अडकलेला ग्लायडर काढताना पंख फाटतो. मार्चपासून दहा-अकराच्या सुमारास टेकडीवर घारी पंख न हलवता चकरा मारू लागल्या, की तापलेली हवा वर चढते आहे असे समजावे. नीट तोललेला ग्लायडर त्या हवेत सापडला तर उतरायचे नाव घेत नाही. जुने हौशी म्हणूनच पंखाच्या खाली मार्करने फोन नंबर लिहून ठेवतात.