थेनीची दृष्टी केंद्रे आणि लांब पल्ल्याचे वायफाय

तमिळनाडूतील थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाला आसपासच्या गावांतील छोटी तपासणी केंद्रे वायफायने जोडून उभी राहिलेली दूरचिकित्सा व्यवस्था. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत सुरू केलेल्या अरविंद संस्थेची नेत्रशिबिरे गावोगाव भरत असत. पण शिबिर कधीतरी येते आणि जाते. डोळ्याचे दुखणे त्याची वाट पाहत नाही. म्हणून कायमची दृष्टी केंद्रे निघाली. २००६ च्या सुमारास अशी पाच केंद्रे थेनीशी जोडली गेली होती.

केंद्रात डॉक्टर नसतो. प्रशिक्षण घेतलेली तंत्रज्ञ, बहुधा खेड्यातलीच मुलगी, रुग्णाची हनुवटी स्लिट लॅम्पच्या, म्हणजे प्रकाशाची बारीक पट्टी टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, टेकूवर ठेवून डोळा तपासते. मग थेनीतले डॉक्टर पडद्यावर रुग्णाशी बोलतात. बहुतेकांचे काम चष्म्यावर किंवा औषधावर भागते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्णालय गाठावे लागते. एका साध्या तपासणीपायी म्हाताऱ्या माणसाची दिवसभराची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडत असे. ती वाचणे हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ मानायला हवा.

वायफाय मुळात घरा-कार्यालयातल्या अंतरासाठी घडवलेले. माहिती ते छोट्या पुडक्यांत (पॅकेट) पाठवते आणि प्रत्येक पुडक्याची पोच लगेच मागते. १५ किलोमीटरवरून संदेशाला एका दिशेने यायलाच सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात. ठरलेल्या थोड्या वेळात पोच आली नाही, की पुडके हरवले असे समजून वायफाय ते पुन्हा पाठवते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ब्रूअर यांच्या गटाने ‘वाइल्डनेट’ या प्रणालीत हा नियमच बदलला. दोन्ही टोकांना बोलण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या आणि अनेक पुडक्यांची पोच एकत्र घेतली. उंच मनोऱ्यांवर समोरासमोर रोखलेले अँटेना असले, की स्वस्त बाजारी यंत्रांवरही चित्रसंवाद नीट चालू लागला.

खरा छळ विजेने मांडला. दाब एकाएकी उसळून यंत्रे जळत. वीज अर्धवट गेली, की राऊटरचे मेमरी कार्ड बिघडे आणि तो पुन्हा सुरूच होत नसे. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली उतरताच यंत्राची वीजजोडणी तोडणारे उपकरण बसवावे लागले. मनोऱ्यावरच्या यंत्राची पहिली दुरुस्ती करायला विद्यापीठातला अभियंता दरवेळी येणार नव्हता. ती अरविंदच्याच माणसांना शिकवण्यात आली.