हिस्टेरिया, गर्भाशय आणि लग्नाचा सल्ला

तरुण मुलीला झटके येऊ लागले की ‘हा हिस्टेरिया, बायकांचाच आजार, लग्न लावून द्या म्हणजे थांबेल’ असा सल्ला सातारा जिल्ह्यातल्या गावांतून आजही ऐकू येतो. हा समज निराधार आहे आणि मुलींवर अन्याय करणारा आहे.

त्याचे मूळ नावातच आहे. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. ते जागा सोडून शरीरभर भटकते आणि म्हणून स्त्रीचा जीव गुदमरतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य मानत, आणि विवाह व गर्भधारणा हे उपायही त्यांच्याच ग्रंथांत सांगितलेले आहेत. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘हिस्टेरेक्टॉमी’ म्हणतात, तिथे तो शब्द योग्यच आहे. झटक्यांशी मात्र गर्भाशयाचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी हाच आजार पुरुष कामगारांमध्येही नोंदवला, आणि १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणातून हे निदान वगळले.

असे झटके म्हणजे ढोंग नव्हे. ते अपस्माराचे आहेत की मेंदूच्या कार्यातील अन्य बिघाडाचे, हे मेंदूविकारतज्ज्ञ तपासणीने व गरज पडल्यास ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढून ठरवतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत.